चष्मा करायला जाताना सुतळी घेऊन जा

नमस्कार मंडळी. आज येताना मी पिशवीत तीन वस्तू आणल्या आहेत. एक मिलिमीटरची पट्टी, एक मार्कर पेन आणि एक सुतळीचा तुकडा. पट्टी आणि पेन माझ्या रोजच्या, चष्म्याची मापं घेण्याच्या कामातलं आहे. सुतळी मात्र एका बँकेत काम करणाऱ्या बाईंची आहे आणि मी ती जपून ठेवली आहे.

बाईंचं वय 49. मान आणि खांदे दुखतात म्हणून आधी हाडांच्या डॉक्टरांकडे गेल्या होत्या. त्यांनी विचारलं, नवीन चष्मा केलाय का? केला होता. दोन महिन्यांपूर्वी, चांगला महागाचा प्रोग्रेसिव्ह, म्हणजे एकाच काचेत वर दूरचा, खाली जवळचा आणि मध्ये मधल्या अंतराचा नंबर असलेला. त्रास सांगायला दुकानात गेल्या तेव्हा उत्तर मिळालं, "सवय होईल." माझ्याकडे आल्या तेव्हा मी त्यांना म्हटलं, ऑफिसात बसता तशा बसा आणि समोर कॉम्प्युटर आहे असं समजा. बसल्या बसल्या त्यांची हनुवटी वर गेली. दिवसभरात सात-आठ तास त्या अशा बसत होत्या. प्रोग्रेसिव्ह काचेत जवळचा नंबर खालच्या भागात असतो. पुस्तक आपण खाली धरतो, म्हणून वाचताना तो बरोबर जागी येतो. पण कॉम्प्युटर समोर असतो. काचेचा खालचा भाग समोर आणायचा, तर मान मागे टाकण्यावाचून इलाज नाही.

मी त्यांना सांगितलं, उद्या ऑफिसात खुर्चीत नेहमीसारखं बसा, सहकाऱ्याला सांगून डोळ्यापासून स्क्रीनपर्यंत सुतळी धरा आणि गाठ मारा. त्यांनी दोन गाठी मारून आणल्या. एक स्क्रीनची, एक टेबलावरच्या कागदांची. मोजलं तर पहिली 68 सेंटीमीटर, दुसरी 42. एवढा खर्च करून चष्मा केला होता, पण हे दोन आकडे त्यांना कुणी विचारलेच नव्हते.

आज मला मुख्यतः हेच सांगायचं आहे. चांगला चष्मा मापातून होतो. तुम्ही किती अंतरावर बघता, तुमच्या बाहुल्या एकमेकींपासून किती लांब आहेत, काच डोळ्यासमोर किती उंचीवर बसते, ही मापं चुकली तर सर्वांत महागडी काचसुद्धा त्रासच देते.

आपल्या भाषेत 'चाळिशी' हा शब्द आहे. चाळीसच्या आसपास डोळ्यातलं भिंग ताठर व्हायला लागतं, जवळचं बघताना त्याचा फुगवटा वाढेनासा होतो, आणि पेपर लांब धरावा लागतो. त्यावर जो चष्मा लागतो त्यालाच आपण चाळिशी म्हणतो. हा शब्द रुळला तेव्हा जवळचं म्हणजे हातातली पोथी, सुईदोरा, तांदूळ निवडणं. सगळं साधारण 40 सेंटीमीटरवर. कॉम्प्युटरचं अंतर तेव्हा कुणाच्या आयुष्यात नव्हतं. ते हातभर असतं, 60 ते 70 सेंटीमीटर.

आता थोडं गणित, पण सोपं आहे. 100 ला सेंटीमीटरमधल्या अंतराने भागलं की त्या अंतरासाठी लागणारी ताकद, म्हणजे प्लसचा नंबर, मिळते. 40 सेंटीमीटरला अडीच. 68 ला जेमतेम दीड. समजा तुमच्या नंबरच्या कागदावर 'ॲड'च्या रकान्यात, म्हणजे जवळचं बघायला दूरच्या नंबरात जेवढं मिळवायचं त्या रकान्यात, प्लस 2 लिहिलंय आणि तुमच्या भिंगात स्वतःची ताकद फारशी उरलेली नाही. मग त्या जवळच्या चष्म्यातून 50 सेंटीमीटरपर्यंतच स्पष्ट दिसणार, त्यापुढे धूसर. स्क्रीन 68 वर. म्हणून माणूस खुर्चीत पुढे वाकतो, किंवा अक्षरं मोठी करतो, किंवा चष्मा नाकाच्या शेंड्यावर घेतो. चष्मा पुढे सरकवल्याने प्लसचा परिणाम थोडा वाढतोच, म्हणजे दूरच्या अंतरासाठी तो उपाय उलटाच पडतो. अशा माणसाला कॉम्प्युटरपुरता प्लस 2 ऐवजी प्लस सव्वा धरला तर नजर 80 सेंटीमीटरपर्यंत पोचते आणि पाठ आपोआप सरळ होते. दूरचा नंबर मायनस 2 असेल तर कॉम्प्युटरचा चष्मा मायनस पाऊण होईल. साधी, एकाच नंबरची काच. ती बनवणं स्वस्तातलं काम आहे.

बँकेतल्या बाईंना मात्र दोन गाठी होत्या. स्क्रीनही बघायची आणि कागदही. त्यांच्यासाठी 'ऑफिस लेन्स' नावाचा प्रकार असतो. तिच्यात वरचा भाग स्क्रीनच्या अंतरासाठी आणि खालचा कागदासाठी, मधला भाग चांगला रुंद. दूरचा रस्ता तिच्यातून स्पष्ट दिसत नाही, म्हणून ती घालून गाडी चालवायची नाही. हे मी प्रत्येकाला दोनदा सांगते.

प्रोग्रेसिव्ह वाईट असं माझं म्हणणं नाही. 1959 मध्ये फ्रान्समध्ये बर्नार मेतनाज यांची व्हॅरिलक्स ही प्रोग्रेसिव्ह काच बाजारात आली, आणि बायफोकलमधली, म्हणजे दूरचा आणि जवळचा असे दोनच नंबर असलेल्या काचेतली, ती मधली रेघ गेली. चालताफिरता, बाजारात, स्वयंपाकघरात, व्यासपीठावर तिच्यासारखी सोय नाही. मी स्वतः आत्ता तीच घातली आहे. पण तिच्यातली मधल्या अंतराची वाट अरुंद असते आणि दोन्ही कडांना दृश्य डुलतं. दिवसभर स्क्रीनसमोर बसणाऱ्याला त्या अरुंद वाटेवर उभं ठेवू नये.

आता मार्कर पेन का आणलाय ते सांगते. प्रोग्रेसिव्ह करताना आधी फ्रेम तुमच्या नाकावर नीट बसवायला हवी. दांड्या कानामागे वळवायच्या, नोज पॅड सारखे करायचे. मग समोर, तुमच्याच उंचीवर बसून, फ्रेममधल्या डमी काचेवर तुमच्या बाहुलीच्या बरोबर समोर ठिपका द्यायचा. दोन्ही डोळ्यांना वेगवेगळा. त्या ठिपक्यावर सगळी काच बेतलेली असते. ठिपका न देता कुणी "झालं, परवा या" म्हणालं, तर तुम्ही थांबा आणि ठिपका द्यायला सांगा. भीड बाळगू नका.

चष्मा हातात आला की तो खिडकीकडे तिरका धरून बघा. प्रोग्रेसिव्ह काचेवर दोन अगदी बारीक, कोरलेल्या खुणा असतात, एकमेकींपासून 34 मिलिमीटरवर. कानाकडच्या खुणेखाली ॲडचा आकडा कोरलेला असतो, 2.00 साठी '20' असा काहीतरी. नाकाकडच्या खुणेखाली कंपनीचं चिन्ह. पैसे कशाचे दिले आणि मिळालं काय, हे तुम्हाला स्वतःला पडताळता येतं.

पट्टी बाहुल्यांमधल्या अंतरासाठी. त्याला आम्ही पी.डी. म्हणतो. मोठ्या माणसात ते बहुधा 54 ते 74 मिलिमीटरच्या मध्ये असतं, आणि नाकाच्या मध्यापासून दोन्ही बाजूंना सारखंच असेल असं नाही. उजवीकडे 30, डावीकडे 32 असं सर्रास असतं. काचेच्या मध्यातून बघितलं तर वस्तू जागच्या जागी दिसते. मध्यापासून सरकून बघितलं तर काच प्रिझमसारखी वागते. नंबर मायनस 6 असेल आणि मध्य बाहुलीपासून 3 मिलिमीटर सरकला, तर एक मीटरवरची वस्तू त्या डोळ्याला 1.8 सेंटीमीटर बाजूला दिसते. दोन्ही डोळ्यांची चित्रं जुळवण्याचं काम मग स्नायूंना करावं लागतं, सकाळपासून रात्रीपर्यंत. नंबर 1 असेल तर तेवढ्याच चुकीने वस्तू फक्त 3 मिलिमीटर बाजूला दिसते आणि जाणवतही नाही. म्हणून नंबर जितका मोठा, तितका मापाचा आग्रह जास्त. वर-खाली झालेली चूक तर थोडीसुद्धा सोसत नाही, डोकं लगेच दुखतं.

फ्रेम निवडताना दांडीच्या आतल्या बाजूचे आकडे वाचा. 50, मग छोटा चौकोन, मग 18, आणि 140. काचेची रुंदी 50, दोन काचांमधलं अंतर 18, दांडीची लांबी 140, सगळं मिलिमीटरमध्ये. पहिले दोन मिळवा. 68 आले. तुमची पी.डी. याच्या जितकी जवळ, तितकी ती फ्रेम तुमची. पी.डी. 62 असलेल्या मुलीने 56 आणि 18 ची मोठी फ्रेम घेतली, तर बेरीज 74. प्रत्येक काचेचा मध्य 6 मिलिमीटर आत ढकलावा लागतो आणि मायनस नंबरची काच कानाकडच्या कडेला जाड होऊन बसते. मग ती बिचारी पातळ काचेसाठी दुप्पट पैसे मोजते. फ्रेम लहान आणि गोलसर घेतली असती तर निम्मं काम तिथेच झालं असतं.

काचेबद्दल थोडक्यात. दोन-अडीचपर्यंतच्या नंबरला साधी प्लास्टिक काच उत्तम, तिच्यातून सर्वांत स्वच्छ दिसतं. 1.67 आणि 1.74 हे आकडे काच किती पातळ होईल ते सांगतात, पण पातळ काचेत प्रकाशाचे रंग जास्त फुटतात, म्हणून गरज नसताना घेऊ नका. लहान मुलं, खेळाडू, कारखान्यात काम करणारे यांना पॉलिकार्बोनेट किंवा ट्रायव्हेक्स, कारण त्या सहसा फुटत नाहीत. मुंबई-कोकणच्या दमट हवेत धातूच्या फ्रेमला नोज पॅडपाशी हिरवट थर चढतो. तिथे टायटॅनियम परवडलं तर टायटॅनियम, नाहीतर शेल, म्हणजे प्लास्टिकची फ्रेम.

कोटिंग मात्र घ्याच. साध्या काचेवरून सुमारे 8 टक्के प्रकाश परत फिरतो, पातळ 1.67 वरून तर 12 टक्के. ॲंटिरिफ्लेक्शन कोटिंगने तो एक टक्क्याच्याही खाली येतो आणि स्क्रीनवर, रात्रीच्या दिव्यांत फरक कळतो. कोटिंग आहे का ते ट्यूबलाइटखाली बघा. काचेत ट्यूब पांढरी दिसली तर नाही, हिरवट किंवा जांभळट पुसट दिसली तर आहे. ही काच पदराने, ओढणीने, शर्टाच्या टोकाने पुसू नका. आधी नळाखाली धुवा, साबणाचा एक थेंब चोळा, मग मऊ कापड. आणि चष्मा उन्हात उभ्या गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवू नका. काच आणि कोटिंग कमी-जास्त प्रसरण पावतात आणि कोटिंगला जाळीसारखे तडे जातात.

ब्लू कट, म्हणजे निळा प्रकाश अडवणाऱ्या काचेबद्दल मला रोज विचारतात. 2023 मध्ये कॉक्रेन या संस्थेने 17 चाचण्यांचा एकत्र आढावा घेतला. कॉम्प्युटरवर काम करताना डोळ्यांना येणारा थकवा या काचांनी कमी होतो असं त्यात आढळलं नाही. अमेरिकन ॲकॅडमी ऑफ ऑफ्थॅल्मॉलॉजी ही नेत्रतज्ज्ञांची संघटनाही कॉम्प्युटरसाठी अशा चष्म्याची शिफारस करत नाही. त्यासाठी जास्तीचे पैसे द्यावेत असं मला वाटत नाही. डोळे थकतात त्याचं मोठं कारण वेगळं आहे. एरवी मिनिटाला पंधरा-वीस वेळा मिटणारी पापणी स्क्रीनसमोर पाच-सात वेळाच मिटते. डोळा कोरडा पडतो. त्यात डोक्यावर एसीचा झोत. दर वीस मिनिटांनी वीस फूट लांब वीस सेकंद बघा, आणि स्क्रीनची वरची कड डोळ्यांच्या रेषेच्या थोडी खाली असू द्या.

तपासणीबद्दल एक गोष्ट कळकळीने सांगते. 'कॉम्प्युटरद्वारे नेत्रतपासणी' अशी पाटी आपल्याकडे गल्लोगल्ली दिसते. मशीनमध्ये डोळा लावला की रस्त्याच्या टोकाला फुगा दिसतो आणि कागद बाहेर येतो. तो कागद तपासणीची सुरुवात आहे. ते चित्र डब्यातच आहे हे डोळ्याला कळतं आणि तो जवळचं बघितल्यासारखा ताणतो, त्यामुळे विशेषतः तरुणांत मायनस जास्त निघू शकतो. यानंतर ट्रायल फ्रेम, म्हणजे काचा बदलता येणारी फ्रेम घालून, "हे बरं की हे?" असं विचारत नंबर पक्का करायला हवा. अर्ध्या नंबरचा सिलिंड्रिकल, म्हणजे एकाच दिशेत लागणारा नंबर, किंवा थोडासा दडलेला प्लस तिथेच सापडतो. विशी-तिशीतली मुलं संध्याकाळी डोकं धरून येतात, त्यांच्यात बरेचदा तेवढंच असतं. आणि मधुमेह असलेल्यांनी साखर आटोक्यात आल्यावर काही आठवडे थांबूनच चष्मा करावा. साखर वर-खाली होते तसा नंबरही सरकतो.

(श्रोत्यांचे दोन प्रश्न इथे घेतले आहेत.)

ऑनलाइन चष्मा मागवावा का? एकाच नंबरचा असेल, तोही लहान, आणि पी.डी. कुणी नीट मोजून दिली असेल, तर हरकत नाही. प्रोग्रेसिव्ह आणि ऑफिस लेन्ससाठी मी नको म्हणेन. ठिपका देणारं माणूस समोर लागतं.

दोन-दोन चष्मे सांभाळायचे कसे? कॉम्प्युटरचा चष्मा कॉम्प्युटरपाशीच ठेवायचा. आमच्या बँकेतल्या बाई तो ऑफिसच्या ड्रॉवरमध्ये ठेवतात, घरी नेतच नाहीत. मानेचं म्हणाल, तर महिन्याभराने आल्या तेव्हा त्यांना खुर्चीत बसवून मी पुन्हा बाजूने बघितलं. हनुवटी खाली होती.