आज टोचलं, दिसणार तीन महिन्यांनी : कोलॅजन वाढवणारे फिलर आणि आपली घाई

(पडद्यावर : काचेची छोटी कुपी, तळाशी पांढरी पावडर)

ही कुपी बघा. तळाला पांढरी पावडर दिसतेय ना, ते आहे पॉलि-एल-लॅक्टिक ॲसिड. याच जातीच्या मटेरियलचे विरघळणारे टाके सर्जन लोक कितीतरी वर्षं वापरत आलेत, म्हणजे शरीराला ते अगदीच परकं नाही. आता हेच पाण्यात कालवून चेहऱ्यात टोचतात. पण गंमत अशी की चेहरा भरतो तो या पावडरीने नाही, तिचे कण आत गेले की शरीर त्यांच्याभोवती हळूहळू स्वतःचं कोलॅजन, म्हणजे त्वचेला आधार देणारं प्रथिन, तयार करायला लागतं आणि चेहरा भरतो तो त्या कोलॅजनने. कण पुढे विरघळून जातात, कोलॅजन मागे राहतं. म्हणून याला बायोस्टिम्युलेटर म्हणायचं. हायल्युरॉनिक ॲसिडचं नेहमीचं फिलर म्हणजे जेल, टोचलं की खड्डा भरला, त्याच दिवशी आरशात दिसलं. इथे तसं नाहीये.

(पडद्यावर : गालावरून हळू फिरणारा कॅमेरा)

वय वाढलं की चेहऱ्याचं नक्की काय होतं? आपण सुरकुत्या बघतो, पण सुरकुती ही शेवटची गोष्ट आहे. विशी ओलांडली की त्वचेतलं कोलॅजन दरवर्षी साधारण एक टक्क्याने कमी होत जातं, गालातली चरबी आटते आणि खाली उतरते, आणि जबड्याचं, डोळ्याभोवतीचं हाडसुद्धा झिजतं. आधारच कमी झाला की वरची कातडी सैल पडणारच. म्हणून एकेका रेषेच्या मागे लागण्यापेक्षा गाल, कानशील, जबड्याची कड अशा ठिकाणी आतून आधार द्यायचा हा या उपचाराचा विचार आहे, आणि मला तो पटतो.

याची सुरुवात सौंदर्यासाठी झालीच नव्हती, हे मला आवर्जून सांगायचंय. 2004 मध्ये अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे तिथल्या औषधांना परवानगी देणाऱ्या सरकारी संस्थेने, याला मान्यता दिली ती एचआयव्ही असलेल्या लोकांसाठी. त्यांच्या गालातली चरबी पार निघून जायची, गाल इतके खोल जायचे की चेहरा बघूनच लोक आजार ओळखायचे. विचार करा, औषधं घेऊन माणूस जगतोय, पण रस्त्यावर बाहेर पडलं की चेहराच सगळं सांगून टाकतोय. त्यांना तोंड वर करून चालता यावं म्हणून हे आलं, आणि सुरकुत्यांसाठीची मान्यता 2009 मध्ये मिळाली. दुसरं एक असंच मटेरियल म्हणजे कॅल्शियम हायड्रॉक्सिॲपेटाइट, आपल्या हाडात आणि दातात जे खनिज असतं त्याच जातीचं, त्याला 2006 मध्ये मान्यता मिळाली. ते जेलमध्ये मिसळलेलं येतं त्यामुळे थोडा भराव लगेच दिसतो आणि कोलॅजनचं काम मागून चालू राहतं.

(पडद्यावर : कुपीत पाणी सोडताना)

आता गाठींबद्दल. बायोस्टिम्युलेटर म्हटलं की लोक पहिलं हेच विचारतात, गाठी येतात का हो? येतात. सुरुवातीच्या काळात बऱ्याच यायच्या, कारण पावडर 3 ते 5 मिली पाण्यातच कालवायचे, दाट मिश्रण, नीट भिजलेलं नाही आणि वरच्या थरात टोचलेलं, मग कण एका जागी गोळा होणारच ना. आता 8-9 मिलीपर्यंत पातळ करतात, नीट मुरू देतात, खोल थरात पसरून टाकतात, त्यामुळे गाठींचं प्रमाण खूप खाली आलंय. म्हणजे औषध तेच, फरक पडला तो हाताने. ओठात आणि डोळ्याच्या अगदी जवळ हे टोचायचं नसतं, कारण तिथले स्नायू दिवसभर हलत असतात आणि कण ढकलून एकत्र आणतात. कोणी ओठांसाठी हेच सुचवत असेल तर तिथून सरळ उठून या.

आणि आता ज्या गोष्टीसाठी मी हा व्हिडिओ करायला घेतला ती. टोचून घेतल्यावर त्या दिवशी चेहरा मस्त भरलेला दिसतो. माणूस खूश. पण ते असतं पाणी, दोन-चार दिवसात शरीर ते शोषून घेतं आणि चेहरा पुन्हा होता तसा. मग वाटतं की काही झालंच नाही, पैसे पाण्यात गेले, अजून टाका म्हणून मागे लागायचं, आणि समोरचा जर घाईला बळी पडणारा असेल तर टाकतोही. खरं नुकसान इथे होतं. कारण पहिल्या डोसचं कोलॅजन अजून बनतंच आहे, त्याला आठवडे नाही महिने लागतात, त्यावर आणखी ओतलं की तीन-चार महिन्यांनी दोन्हीचा परिणाम एकदम वर येतो आणि चेहरा फुगलेला, जड दिसायला लागतो. म्हणून दोन सेशनमध्ये निदान चार ते सहा आठवडे जाऊ द्यायचे, साधारण तीन सेशन लागतात, आणि आरशापेक्षा फोटोवर विश्वास ठेवायचा, त्याच प्रकाशात त्याच कोनातून काढलेल्या. परिणाम दोन वर्षांपर्यंत टिकू शकतो, मग सुरुवातीला थांबायला काय हरकत आहे.

कारण चुकलं तर परत फिरता येत नाही हो. हायल्युरॉनिकच्या फिलरला हायल्युरोनिडेज नावाचं इंजेक्शन देऊन विरघळवता येतं. या बायोस्टिम्युलेटरना तसं काहीच नाही. गाठ आली तर मसाज, सलाइन, स्टेरॉइडची इंजेक्शनं, असं करत करत महिनोन्‌महिने जातात.

(पडद्यावर : चेहऱ्यातल्या रक्तवाहिन्यांचं चित्र)

सगळ्यात मोठा धोका क्वचित घडतो, पण माहीत असायलाच हवा. मटेरियल रक्तवाहिनीत गेलं तर पुढचा रक्तपुरवठा बंद पडतो. नाक, दोन भुवयांच्या मधली जागा आणि कपाळ इथल्या वाहिन्या डोळ्याच्या वाहिनीला जोडलेल्या आहेत, त्यामुळे तिथे चूक झाली तर नजरही जाऊ शकते. म्हणूनच चांगला डॉक्टर हळूहळू, थोडं थोडं टाकतो, बऱ्याच ठिकाणी बोथट टोकाची कॅन्युला, म्हणजे बारीक नळीसारखी सुई, वापरतो. टोचताना किंवा नंतर कातडी एकदम पांढरी पडली, जाळीसारखे निळसर डाग उमटले, दुखणं वाढतच चाललं, धूसर दिसायला लागलं, तर सकाळपर्यंत वाट बघायची नाही. त्याच क्षणी डॉक्टरांना फोन, आणि नजरेचा त्रास असेल तर थेट हॉस्पिटल.

म्हणून हे काम त्वचारोगतज्ज्ञ किंवा प्लास्टिक सर्जनकडेच करायचं, आणि तेही ज्याने हेच मटेरियल नेहमी वापरलंय त्याच्याकडे. सीलबंद पॅक आपल्यासमोर उघडायला सांगा, यात लाजण्यासारखं काही नाही, चेहरा आपला आहे. गरोदर असाल, दूध पाजत असाल, तिथे पुरळ किंवा इन्फेक्शन असेल, केलॉइड म्हणजे जखमेचे वण जाड होऊन वाढत असतील, ऑटोइम्यून म्हणजे प्रतिकारशक्ती आपल्याच शरीरावर उलटणारा आजार असेल, आधी कधी कायमस्वरूपी फिलर घेतलं असेल, तर ते आधी सांगायचं, मग डॉक्टर ठरवतील. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांचंही सांगायचं, पण त्या आपल्या मनाने बंद करायच्या नाहीत.

घरी आल्यावर पावडरवाल्या प्रकारासाठी बहुतेक डॉक्टर मसाज सांगतात, पाच मिनिटं, दिवसातून पाच वेळा, पाच दिवस. कंटाळा येतो पण करा.

(पडद्यावर : पॅकवरचं बॅच नंबरचं स्टिकर)

आणि हे स्टिकर मागून घ्या, फोनमध्ये फोटो काढून ठेवा, तारीख आणि कुठे किती टाकलं तेही लिहून. पुढे कधी चेहऱ्याचं सीटी स्कॅन झालं तर कॅल्शियमवालं फिलर त्यात पांढरं चमकतं, आणि बघणाऱ्या डॉक्टरला ते काय आहे हे तुम्हीच सांगायचं असतं.