फटका बसला कुठे आणि हाड मोडले कुठे

सन्माननीय अध्यक्ष आणि श्रोतेहो,

चेहऱ्याची हाडे कशामुळे मोडतात आणि नेमकी कुठे मोडतात, हा आजचा जाहीर झालेला विषय आहे. परंतु त्याआधी एक गोष्ट मला आग्रहाने मांडायची आहे. चेहऱ्यावर जिथे जखम दिसते तिथेच हाड मोडलेले असणार, असे धरून चालणे हे आमच्या क्षेत्रातले सर्वांत महागात पडणारे गृहीतक आहे.

खालच्या जबड्याचेच पाहा. नालेच्या आकाराच्या या हाडाची दोन्ही टोके कानांच्या पुढे कवटीच्या खाचांमध्ये बसलेली असतात. या टोकांना आम्ही कॉन्डाइल म्हणतो, आणि त्यांच्या खालची मान बरीच बारीक असते. माणूस हनुवटीवर आपटला, की आघाताचा जोर हाडातून मागे सरकत या मानेपर्यंत पोहोचतो, आणि हनुवटीपासून इतक्या दूर असलेले हे हाड मोडते. कधी एका बाजूचे, कधी दोन्ही बाजूंचे. परेडमध्ये दीर्घकाळ उभा राहिलेला सैनिक भोवळ येऊन, हात न टेकता, तोंडावर कोसळला तर हनुवटीचा मध्य आणि दोन्ही कॉन्डाइल अशा तिन्ही ठिकाणी फ्रॅक्चर होऊ शकते. त्यावरूनच या प्रकाराला ‘गार्ड्समन फ्रॅक्चर’ असे नाव पडले आहे. ही मान दुबळी असणे एका अर्थी उपकारकही आहे, कारण ती मोडते म्हणूनच कॉन्डाइल वर घुसून मेंदूपर्यंत जाण्याचा प्रसंग क्वचितच येतो.

आपण सर्वांनी आत्ता दोन्ही तर्जनी कानांच्या छिद्रांच्या किंचित पुढे ठेवाव्यात आणि तोंड दोन-तीनदा उघडावे व मिटावे. बोटांखाली जे सरकताना जाणवते तेच कॉन्डाइल. ही तपासणी करायला कोणतेही यंत्र लागत नाही, आणि तरीही ती होत नाही, ही माझी जुनी तक्रार आहे. लहान मूल पडते, हनुवटी फाटते, रक्त येते. जखम स्वच्छ करून टाके घातले जातात आणि मुलाला घरी पाठवले जाते. तोंड पूर्वीइतके उघडते का, उघडताना हनुवटी एका बाजूला जाते का, वरचे आणि खालचे दात पूर्वीसारखे एकमेकांवर बसतात का, हे तीन प्रश्न कोणी विचारत नाही. जखम आठवडाभरात भरून येते आणि सगळे निश्चिंत होतात.

आत मात्र सांध्यात रक्त साकळलेले असते. मूल दुखते म्हणून तोंड हलवत नाही, आणि काही मुलांमध्ये त्या ठिकाणी नवे हाड धरून कॉन्डाइल कवटीला जोडले जाते. पुढे तोंड उघडणे कमी कमी होत जाते आणि अखेरीस दातांमधून बोटही आत जात नाही. खालच्या जबड्याच्या वाढीत कॉन्डाइलचा मोठा वाटा असल्यामुळे जबडाही खुंटतो, हनुवटी मागे राहते, आणि कित्येकांना झोपेत श्वास घेणेही जड जाते. मग जोडलेले हाड कापून काढावे लागते, आणि त्यानंतर कित्येक महिने तोंड उघडण्याचे व्यायाम चुकवून चालत नाही. एवढे सारे टाळण्यासाठी सुरुवातीला काय हवे असते? लहान मुलांच्या कॉन्डाइलच्या फ्रॅक्चरला बहुतेक वेळा शस्त्रक्रियाच लागत नाही. अल्पकाळ विश्रांती, लवकर सुरू केलेली हालचाल आणि नियमित देखरेख पुरते. मात्र त्यासाठी आधी निदान झाले पाहिजे.

कातडी आतल्या हाडाविषयी फारसे सांगत नाही, हे रने ल फोर या फ्रेंच शल्यचिकित्सकाने दाखवून दिलेले आहे. मृतदेहांच्या चेहऱ्यांवर वेगवेगळ्या दिशांनी आघात करून, नंतर मांस काढून टाकून त्याने हाडे तपासली आणि 1901 मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. वरून जखम किरकोळ दिसत असतानाही आत हाडे विखुरलेली असू शकतात, असे त्याला आढळले. चेहऱ्याचा मधला भाग ठरावीक दुबळ्या रेषांवर तुटतो, हेही त्यातूनच कळले. पहिल्या प्रकारात वरच्या दातांची कमान आडवी सुटते, दुसऱ्यात नाकासह त्रिकोणी भाग सुटतो, तर तिसऱ्यात संपूर्ण चेहराच कवटीपासून वेगळा होतो. विद्यार्थी हे तीन प्रकार पाठ करतात. प्रत्यक्षात मात्र एका बाजूला एक आणि दुसऱ्या बाजूला दुसरा, असे मिश्रणच अधिक दिसते.

वेळ थोडा उरल्याची खूण अध्यक्षांनी केली आहे, तेव्हा जाहीर विषय आता भरभर सांगतो. रस्त्यावरील अपघात, मारहाण, पडणे, खेळ आणि कामावरील दुर्घटना ही मुख्य कारणे असून रुग्णांत तरुण पुरुषांचा भरणा असतो. वृद्धांमध्ये पडणे हे प्रमुख कारण ठरते, आणि दात गेल्यावर झिजून बारीक झालेला जबडा त्यांच्यात सहज मोडतो. नाकाचे हाड सर्वांत कमी जोराने मोडते, तर कपाळाच्या सायनसची, म्हणजे कपाळाच्या हाडातील पोकळीची, भिंत मोडायला फार मोठा जोर लागतो. म्हणून ती मोडलेली दिसली की मेंदू आणि मान यांची तपासणी आधी करावी. बहुसंख्य लोक उजव्या हाताचे असल्याने समोरून मारलेला ठोसा बहुधा डाव्या गालावर किंवा जबड्यावर बसतो. जबड्याच्या एका बाजूला फटका बसला असेल तर विरुद्ध बाजूचे कॉन्डाइल तपासावे. अर्धवट उगवलेली अक्कलदाढ जबड्याचा कोन दुबळा करते. नाकातून पाण्यासारखा स्वच्छ द्रव गळत असेल तर तो मेंदूभोवतीचा द्रव असू शकतो. अशा रुग्णाने नाक शिंकरू नये.

शेवटी डोळ्याची खोबण. तिचा तळ कागदासारखा पातळ असतो. मुलांची हाडे लवचीक असल्यामुळे तो तळ फटीसारखा उघडतो, लगेच मिटतो आणि डोळ्याचा स्नायू त्यात अडकतो. डोळा वरून जवळजवळ पांढरा स्वच्छ दिसतो, पण मूल वर पाहू शकत नाही, त्याला उलट्या होतात आणि नाडी मंद पडते. हा डोक्याचा मार समजून अशा मुलाला नुसते निरीक्षणाखाली ठेवले, तर अडकलेल्या स्नायूचा रक्तपुरवठा तुटत जातो. म्हणून मुलाला वर पाहायला सांगावे, आणि डोळा वळत नसेल तर त्याच दिवशी शल्यचिकित्सकाकडे पाठवावे.