साक्षगंधाची अंगठी आणि मोबाइलवरचा हिरा

नमस्कार मंडळी. दसरा-दिवाळी जवळ आली, तुळशीचं लग्न लागलं की घराघरात साक्षगंधाच्या, म्हणजे साखरपुड्याच्या, तारखा निघतात, आणि माझ्याकडे येणारा प्रश्न दरवर्षी तोच असतो, की ताई, पन्नास-साठ हजारात हिऱ्याची अंगठी येते का हो, आणि ऑनलाइन घेतली तर चालते का. मी नागपुरात इतवारीच्या सराफ्यात हिरे तपासायचं काम करते, त्यामुळे आज त्याच्यावरच बोलते, सविस्तर बोलते. येते. चांगली येते. आणि ऑनलाइनही घेता येते, फक्त पैसे कुठं घालायचे आणि कुठं नाही हे आधी पक्कं पाहिजे.

काय होते ना, पोट्टे मोबाइलवर अंगठी पाहतात तेव्हा स्क्रीनवर हिरा लिंबाएवढा दिसते. त्याच्यात एक बारका ठिपका दिसला की मन खट्टू होते, मग एक ग्रेड वर, अजून एक ग्रेड वर असं करत करत साठ हजाराचं बजेट नव्वदवर जाते, उरलेले ईएमआयवर टाकू म्हणतात. पण तो हिरा खरा असतो चार ते पाच मिलिमीटरचा, आणि तो पाहणार कोण, तर सासूबाई, मावशी, काकू, मैत्रिणी, त्याही हातभर अंतरावरून. हिरे तपासणाऱ्या लॅबवाले क्लॅरिटी, म्हणजे आतल्या डागांवरून ग्रेड, ठरवतात ती दहापट मोठं करून दाखवणाऱ्या भिंगाखाली. तुमच्या घरी कोणी भिंग घेऊन येत नाही ना बाप्पा. म्हणून माझं म्हणणं एकच आहे, हातभर अंतरावरून जे डोळ्याला दिसते त्याच्यावर पैसे घाला, जे फक्त भिंगाला दिसते त्याच्यावर नका घालू.

आता डोळ्याला दिसते काय? चमक. आणि चमक येते कटमधून. कट म्हणजे गोल की चौकोनी ते नाही हं, तो झाला आकार. कट म्हणजे हिऱ्याचे पैलू किती नेमक्या कोनात पाडलेत ते. वरून आलेला उजेड आतल्या पैलूंवर आपटून परत वर डोळ्यात आला तर हिरा झगमगते, आणि हिरा फार खोल किंवा फार उथळ घडवला असला तर तोच उजेड खालून, बाजूनं निघून जाते आणि मधे काळपट, मेल्यासारखा भाग दिसते. गोल हिऱ्याच्या लॅबच्या सर्टिफिकेटवर कटचा ग्रेड लिहिलेला असते, एक्सलंट, व्हेरी गुड, गुड, मग फेअर, पूअर. माझं ऐकाल तर बाकी सगळीकडे तडजोड करा पण कटमध्ये एक्सलंटच्या खाली उतरू नका, फार तर व्हेरी गुड. मोठा पण मंद हिरा आणि छोटा पण जिवंत हिरा शेजारी ठेवले तर माणूस छोट्याकडेच बोट दाखवते, काउंटरवर हे रोज पाहते मी.

वजनाची गंमत नीट समजून घ्या. एक कॅरेट म्हणजे २०० मिलिग्रॅम, आणि त्याचे शंभर भाग केले की एक सेंट. आपल्या बजेटमध्ये बोलणं होते तीस सेंट, चाळीस सेंट, पन्नास सेंटचं. तर पन्नास सेंटचा चांगला घडवलेला गोल हिरा साधारण ५.१ मिलिमीटर रुंद भरते, आणि सत्तेचाळीस सेंटचा ५ च्या आसपास. एक दशांश मिलिमीटरचा फरक! तो बोटावर कोणालाच दिसत नाही, पण ०.५० हा आकडा गाठला की भाव एकदम उडी मारते, कारण सगळ्यांना तोच गोल आकडा पाहिजे असते. म्हणून फिल्टर लावताना ०.५० पासून वर असं लावू नका, ०.४५ ते ०.४९ असं लावून पाहा, किंवा तीसऐवजी अठ्ठावीस-एकोणतीस सेंट. आणि उलटंही होते, काही हिऱ्यांमध्ये वजन सगळं पोटात असते, म्हणजे कागदावर पन्नास सेंट पण वरून पाहिलं तर ४.८ मिलिमीटरच. म्हणून सर्टिफिकेटवर वजनाच्या जोडीला मिलिमीटरमधली मापं वाचा, ती प्रत्येक सर्टिफिकेटवर असतात आणि जवळजवळ कोणीच वाचत नाही.

रंगाची अक्षरं डी पासून सुरू होतात, डी सगळ्यात पांढरा, आणि झेडकडे जाता जाता पिवळसर झाक वाढते. डी-ई-एफच्या मागे धावू नका. आपल्याकडे बहुतेकांना पिवळ्या सोन्यातच अंगठी आवडते, आणि पिवळ्या सोन्यात एच, आय, अगदी जे रंगाचा हिराही पांढराच दिसते, कारण भोवती पिवळं असतेच ना. व्हाइट गोल्ड घ्यायचं असलं तर जी-एचपर्यंत जा, आणि हेही लक्षात ठेवा की व्हाइट गोल्डवर रोडियमचा मुलामा असते, तो काही वर्षांनी उतरते, पुन्हा करून घ्यावा लागते, म्हणजे पुन्हा खर्च. क्लॅरिटीत व्हीएस-२ (अगदी बारके डाग) किंवा एसआय-१ (त्याहून जरा जास्त) पुष्कळ झालं. फक्त एसआय-१ घेताना फोटो मोठा करून एवढंच पाहा की काळा ठिपका नेमका मधोमध तर नाही, कडेला असला तर हिरा पकडणाऱ्या सोन्याच्या टोकाखाली झाकल्या जाते.

आता एक गोष्ट, जिथं लोक सगळ्यात जास्त फसतात. साइटवर लिहिलेलं असते "०.५० कॅरेट डायमंड रिंग", किंमत मस्त, फोटोत एकच मोठा हिरा दिसते. जवळून पाहिलं की मधे सात बारके हिरे फुलासारखे चिकटवून बसवलेले असतात आणि पन्नास सेंट हे त्या सगळ्यांचं, बाजूच्या पट्टीवरचेही धरून, मिळून वजन असते. सात बारक्या हिऱ्यांना एका मोठ्या हिऱ्याचा भाव नसते, कितीतरी कमी असते. ती अंगठी वाईट नाही, दिसायला भरगच्च दिसते, बजेट अगदीच कमी असलं तर मी स्वतः ती सुचवते, पण सॉलिटेअर, म्हणजे एकाच मोठ्या हिऱ्याची अंगठी, समजून घेऊ नका. आणि त्याच पानावर कुठंतरी "आयजे-एसआय" किंवा "जीएच-व्हीएस" असं लिहिलेलं सापडते. म्हणजे रंग आय ते जेमधला आणि क्लॅरिटी एसआयमधली, अख्ख्या अंगठीची मिळून. बारक्या हिऱ्यांना ठीक आहे. पण मधला हिरा तीस सेंटच्या वर असला तर त्याचं स्वतःचं, वेगळं सर्टिफिकेट मागा, जीआयए किंवा आयजीआयचं, आणि दुकानानं स्वतः छापलेल्या कार्डावर भागवू नका. जीआयए अमेरिकेत १९३१ साली सुरू झालेली संस्था आहे, आयजीआयची सुरुवात १९७५ साली अँटवर्पची, दोघांच्याही लॅब मुंबईत आहेत, आणि दोघांच्याही वेबसाइटवर रिपोर्ट नंबर टाकला की रिपोर्ट उघडते. पैसे द्यायच्या आधी नंबर टाका, रिपोर्ट आणि साइटवरची माहिती ओळीनं ताडून पाहा.

अंगठी घरी आली की काम संपत नाही. हिऱ्याला मधोमध एक बारीक कंबर असते, गर्डल म्हणतात तिला, आणि बऱ्याच सर्टिफाइड हिऱ्यांच्या त्या कंबरेवर लेसरनं रिपोर्ट नंबर कोरलेला असते, केसापेक्षा बारीक. मी भिंगाखाली अंगठी तिरपी धरते, दिव्याकडे हळूहळू फिरवते, आणि एका कोनात ते आकडे राखाडी रेघेसारखे उमटतात, मग एकेक आकडा कागदाशी जुळवायचा. पाच मिनिटांचं काम आहे. इतवारीत, महालात, धरमपेठेत कोणताही ओळखीचा सराफ हे करून देते, त्याच्याकडून अंगठी घेतली नसली तरी. लाजू नका, जा आणि विचारा, भाऊ एवढा नंबर पाहून द्या. आणि पार्सल उघडताना एका दमात व्हिडिओ करा, सील तोडण्याच्या आधीपासून.

लॅबमध्ये बनवलेल्या हिऱ्याबद्दल तर सगळेच विचारून राहिलेत. खरा असते का हो? हो, खरा. तोच कार्बन, तेवढाच कडक, तशीच चमक, फक्त जमिनीत नाही तर मशीनमध्ये तयार झालेला, एक सीव्हीडी पद्धत आहे आणि एक एचपीएचटी. डोळ्यानं काय, माझ्या भिंगानंही फरक ओळखता येत नाही, त्यासाठी तपासणीच्या लॅबचं मशीन लागते. सुरतला असे हिरे मोठ्या प्रमाणात बनतात. २०२३ च्या जूनमध्ये पंतप्रधान मोदींनी अमेरिकेच्या तेव्हाच्या राष्ट्राध्यक्षांच्या पत्नी जिल बायडन यांना दिलेला साडेसात कॅरेटचा हिरा लॅबमधलाच होता. नैसर्गिक हिऱ्यापेक्षा तो खूप स्वस्त पडते, म्हणजे ज्या बजेटमध्ये नैसर्गिक तीस सेंट येते तिथं लॅबचा पाऊण-एक कॅरेट बसू शकते. पण गेल्या काही वर्षांत त्याचा भाव खाली खाली येऊन राहिला, त्यामुळे उद्या मोडायला गेलात तर हातात फार काही येणार नाही. तसं नैसर्गिक हिरा विकायला गेलं तरी घेतल्या भावात परत मिळत नाही, बायबॅकच्या, म्हणजे दुकान परत विकत घेते त्याच्या, अटी वाचा म्हणजे कळते. म्हणून मी सांगते, साक्षगंधाची अंगठी गुंतवणूक म्हणून घेऊच नका, ती बोटात राहायला घ्या. लॅबचा घ्या की जमिनीतला, दोन्ही चांगले, पण दोन्ही घरांना आधी मोकळेपणानं सांगून घ्या. मागून कळलं की विनाकारण मन दुखते, आणि त्यात हिऱ्याचा काही दोष नसते.

हिऱ्यासारखं दिसणारं मोइसनाइट मात्र हिरा नाही, ते सिलिकॉन कार्बाइड आहे, आणि साधं उष्णतेवर चालणारं टेस्टर त्यालाही हिरा म्हणून पास करते, तेव्हा टेस्टरचा हिरवा दिवा पाहून खूश होऊ नका. अमेरिकन डायमंड तर झिरकोनिया, रोज वापरला की ओरखडे पडून लवकर मंदावते.

सोन्याकडे येऊ. २०२५ मध्ये दहा ग्रॅम शुद्ध सोन्यानं लाख ओलांडला, तेव्हापासून अंगठीच्या किमतीत सोन्याचाच वाटा मोठा झाला. सोन्याचं कॅरेट म्हणजे वजन नाही हं, शुद्धता. तीन ग्रॅमच्या अठरा कॅरेटच्या अंगठीत सव्वादोन ग्रॅम शुद्ध सोनं असते, चौदा कॅरेटमध्ये पावणेदोन ग्रॅमच्या जवळपास. अर्धा ग्रॅम वाचला म्हणजे लाखाच्या भावानंही पाच हजार वाचले, ते कटमध्ये घाला. चौदा कॅरेट सोनं जरा कडकही असते, हिरा पकडून ठेवायला बरंच. बावीस कॅरेटचा हट्ट इथं नको, मऊ पडते. हॉलमार्क पाहा, अठराला ७५०, चौदाला ५८५, आणि सहा अक्षर-अंकांचा एचयूआयडी, म्हणजे त्या दागिन्याचा स्वतःचा नंबर, १ एप्रिल २०२३ पासून सक्तीचा, सरकारच्या बीआयएस केअर अॅपमध्ये टाकला की दागिन्याची माहिती येते. दोन ग्रॅमच्या खालच्या दागिन्याला सक्ती नाही, तेवढं ध्यानात असू द्या. आणि हॉलमार्क फक्त सोन्याचा असते हो, हिऱ्याबद्दल तो काहीच सांगत नाही, हे घरातल्या मोठ्यांनाही सांगा, कारण पुष्कळजण शिक्का पाहून निश्चिंत होतात.

"मेकिंगवर शंभर टक्के सूट" वाचून भुलू नका. घडणावळ माफ केली तर ती हिऱ्याच्या भावात चढवता येते. सोनं, हिरा, घडणावळ आणि वर ३ टक्के जीएसटी अशी फोड मागा, आणि तोच ग्रेड, तेच वजन तीन ठिकाणी टाकून शेवटचा आकडा ताडून पाहा. साठ हजार बजेट असलं तर जीएसटी धरून साठ, हे सुरुवातीलाच ठरवा.

बोटाच्या मापाचं नागपूरकरांना मुद्दाम सांगते. आपल्याकडे डिसेंबरच्या थंडीत बोट आकसते आणि मे महिन्यात पंचेचाळीस डिग्रीत फुगते, त्यामुळे साक्षगंधाला सैल झालेली अंगठी लग्नात निघता निघत नाही. माप संध्याकाळी घ्या, थंड हातानं नाही, आणि सराफाकडच्या रिंगांवर घ्या, दोऱ्यानं घेतलेलं माप चुकते. आपल्या मापात बारा नंबर म्हणजे आतला घेर साधारण ५२ मिलिमीटर, साइटवर अमेरिकन नंबर असला तर मिलिमीटरच जुळवा. पूर्ण गोलभर हिरे लावलेली अंगठी नंतर मोठी-लहान करता येत नाही, हेही पाहा. स्वयंपाक, स्कूटी, ऑफिस असं सगळं एकाच हातानं करणाऱ्या पोरीला उंच डोक्याची अंगठी ओढणीत अडकते, तिला कोंदणातला, चारी बाजूंनी सोन्यानं वेढलेला हिरा जास्त सोसते. तिलाच विचारा ना, सरप्राइजच्या नादात तिची आवड राहून जाते.

परतीची मुदत किती, पैसे परत की नुसतं क्रेडिट, नंबर बदलला तर परत घेतात का, पार्सलचा विमा कोणाचा, हे सगळं पैसे द्यायच्या आधी वाचा आणि स्क्रीनशॉट काढून ठेवा. ई-कॉमर्सच्या २०२० च्या नियमांनुसार परतीच्या अटी आणि तक्रार अधिकाऱ्याची माहिती साइटवर दाखवणं बंधनकारक आहे, नसली तर ती साइट सोडून द्या. वाद झालाच तर १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर फोन करा, आणि २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानं विक्रेता कुठलाही असला तरी तुम्ही राहता त्या जिल्ह्यात, म्हणजे इथं नागपुरात, तक्रार टाकता येते.

आता तारखेचं. ऑर्डरवर घडवून येणाऱ्या अंगठीला दोन-तीन आठवडे लागतात, नंबर चुकला तर अजून आठवडा-दीड आठवडा. जगातले बहुतेक हिरे ज्या सुरतेत घासले जातात तिथले कारखाने दिवाळीनंतर काही आठवडे बंद असतात, कारागीर गावाकडे गेलेले असतात, आणि त्याच दिवसांत आपल्याकडे साक्षगंधाची घाई सुरू होते. तेव्हा तुमची तारीख तुळशीच्या लग्नानंतरची असली तर दसऱ्याच्या आतच ऑर्डर द्या, म्हणजे अंगठी येऊन, तपासून, लागली तर परत पाठवून बदलून घ्यायलाही वेळ राहते. नमस्कार.