उपचार आधी, प्रवास नंतर

नमस्कार श्रोतेहो.

ब्रिटनमध्ये 999 हा नंबर लावला की दाराशी काय येऊन उभं राहील, ते आधीपासून सांगता येत नाही. पिवळीधमक मोठी ॲम्ब्युलन्स येईल. मोटारीतून एकटाच पॅरामेडिक, म्हणजे तातडीचे उपचार शिकलेला पण डॉक्टर नसलेला माणूस, येईल. लंडनच्या गर्दीत तोच सायकलवरून येईल. मोठा अपघात असेल तर शेजारच्या मैदानात हेलिकॉप्टर उतरेल. आणि तुम्ही इंग्लंडच्या नैर्ऋत्येच्या सिली बेटांपैकी एखाद्या छोट्या बेटावर असाल, तर धक्क्याला ॲम्ब्युलन्सची बोट लागेल. एवढे प्रकार कशासाठी, याचं उत्तर चार शब्दांत देता येतं: उपचार आधी, प्रवास नंतर. हे चार शब्द लक्षात ठेवा, आज पुन्हा पुन्हा लागणार आहेत.

सुरुवात नेहमीच्या ॲम्ब्युलन्सपासून करू. हिच्यावर दोन माणसं असतात. बहुतेक वेळा त्यातला एक पॅरामेडिक असतो, डॉक्टर नसतो. आपल्याकडे महाराष्ट्रात 2014 मध्ये 108 सेवा सुरू झाली, 937 गाड्या घेऊन, त्यातल्या 233 ॲडव्हान्स्ड आणि 704 बेसिक. आपल्याकडे गाडीवर डॉक्टर ठेवायचं ठरलं. ब्रिटनने पॅरामेडिकलाच भरपूर शिकवून, औषधं देण्याचे अधिकार देऊन रस्त्यावर पाठवलं.

या गाडीची बांधणी दोन तऱ्हेची. एकीत ट्रकसारख्या चासीवर मागे वेगळा डबा बसवतात. दुसरीत तयार व्हॅनच आतून बदलून घेतात. डबा प्रशस्त असतो, पण जड. व्हॅन हलकी आणि डिझेल कमी खाणारी, पण आत वावरायला जागा बेताची. मागच्या बाजूला स्ट्रेचर चढवायला लिफ्ट असते, नाहीतर उतार आणि ओढून घेणारी विंच. माणसं उचलणारी लिफ्ट दर सहा महिन्यांनी तपासून घ्यावी लागते, तसा कायदाच आहे. लिफ्ट चालते तेलाच्या दाबावर आणि पंप चालतो बॅटरीवर. बॅटरी उतरली की रुग्णासकट लिफ्ट मध्येच थांबते. मग हातपंप मारून ती हलवायची. तो दांडा कुठे ठेवलाय, हे ड्युटी सुरू होतानाच बघून ठेवायचं असतं.

बॅटरी उतरू नये म्हणून आणखी एक सोय असते, रन-लॉक. बटण दाबून चावी काढून घ्यायची. इंजिन चालूच राहतं, दिवे आणि हीटर चालू राहतात. चोराने गाडी हलवायचा प्रयत्न केला की इंजिन बंद पडतं.

आता आतल्या नळकांड्यांकडे या. हातात धरून नेण्याच्या छोट्या ऑक्सिजन सिलिंडरला सीडी म्हणतात, त्यात 460 लिटर. गाडीत पक्का बसवलेला मोठा तो एचएक्स, त्यात 2300 लिटर. अत्यवस्थ रुग्णाला मिनिटाला 15 लिटर लागतात. म्हणजे छोटा सिलिंडर अर्ध्या तासात संपतो, मोठा अडीच तास पुरतो. रुग्ण चौथ्या मजल्यावर आणि लिफ्ट बंद, अशा वेळी हा भागाकार आधी करायचा आणि मग खोलीतून निघायचं. दुसरा वायू एन्टोनॉक्स, वेदना कमी करणारा: निम्मा नायट्रस ऑक्साइड, निम्मा ऑक्सिजन. तो उणे 6 अंशांखाली गेला की दोन्ही घटक वेगळे व्हायला लागतात. सुरुवातीला रुग्णाला ऑक्सिजनच जास्त मिळतो, वेदना कमी होत नाहीत. आणि सिलिंडर संपत आला की जवळजवळ नुसता नायट्रस ऑक्साइड येतो, जीव गुदमरतो. म्हणून कडाक्याच्या थंडीत हा सिलिंडर रात्रभर बाहेर सोडायचा नाही. गारठलाच तर ऊब देऊन, उलटसुलट करून मगच वापरायचा.

जाता जाता एक सांगतो. गाडी धुणाऱ्या, सामान मोजून भरणाऱ्या माणसांचं नाव कुणी घेत नाही. ब्रिटनमध्ये बऱ्याच ठिकाणी त्यासाठी वेगळी पथकं आहेत. रात्री दोन वाजता लहान मुलाच्या मापाचा मास्क जागच्या जागी सापडतो, तो त्यांच्यामुळे. सत्कार करायचाच असेल तर आधी त्यांचा करावा, असं माझं ठाम मत आहे.

आता मला जी गोष्ट सांगायची आहे ती बेलफास्टची. आजची आपत्कालीन ॲम्ब्युलन्स उत्तर आयर्लंडमधल्या या शहरात घडली.

फ्रँक पँट्रिज नावाचे डॉक्टर. 1916 चा जन्म, 1939 मध्ये क्वीन्स विद्यापीठातून पदवी, आणि लगेच महायुद्ध. सैन्याचे डॉक्टर म्हणून ते सिंगापूरला होते. फेब्रुवारी 1942 मध्ये सिंगापूर पडलं आणि ते जपान्यांचे कैदी झाले. ब्रह्मदेश-सयाम रेल्वेच्या कुप्रसिद्ध कामावरचे कैदी. तिथून जिवंत परतले ते हाडांचा सापळा होऊन, बेरीबेरी हा आजार घेऊन. शौर्यासाठी त्यांना मिलिटरी क्रॉस मिळाला. पुढे अमेरिकेत मिशिगनला हृदयाचा आलेख, म्हणजे ईसीजी, शिकले आणि बेलफास्टच्या रॉयल व्हिक्टोरिया हॉस्पिटलमध्ये हृदयरोगतज्ज्ञ झाले. माणूस स्पष्टवक्ता, कुणाची भीडभाड न ठेवणारा.

1960 पर्यंत दोन गोष्टी हाताशी आल्या होत्या. छाती दाबून रक्त फिरतं ठेवता येतं, हे बाल्टिमोरच्या डॉक्टरांनी दाखवून दिलं होतं. आणि नुसतं थरथरत राहिलेलं हृदय विजेच्या धक्क्याने ताळ्यावर आणता येत होतं. त्या थरथरीला व्हेंट्रिक्युलर फिब्रिलेशन म्हणतात: हृदय हलतं, पण रक्त पुढे ढकललं जात नाही. हॉस्पिटलमध्ये हे असं घडलं तर रुग्ण वाचत होते. अडचण एकच होती, ती म्हणजे रुग्ण हॉस्पिटलपर्यंत पोचतच नव्हते. पँट्रिज आणि त्यांचे सहकारी जॉन गेडिस यांच्यासमोर एक आकडेवारी होती. हृदयविकाराने दगावणाऱ्या मध्यमवयीन आणि तरुण पुरुषांपैकी 60 टक्क्यांहून जास्त पहिल्या तासाभरात जात होते. पहिल्या तासाभरात! आणि हॉस्पिटलमधला सुसज्ज हृदय कक्ष वाट बघत बसला होता कित्येक तासांनी येणाऱ्यांची, म्हणजे मुळात जे वाचलेच होते त्यांची.

पँट्रिज यांनी ठरवलं, धक्का देणारं यंत्र, म्हणजे डिफिब्रिलेटर, हॉस्पिटलबाहेर काढायचं. पण यंत्र भिंतीतल्या विजेवर चालणारं. मग मोटारीच्या 12 व्होल्टच्या दोन बॅटऱ्या घेतल्या, त्यांना इन्व्हर्टर जोडला, त्यावर डिफिब्रिलेटर चालवला, आणि सगळं एका जुन्या ॲम्ब्युलन्समध्ये चढवलं. वजन किती? 70 किलो. घरातले गॅसचे दोन भरलेले सिलिंडर एकदम उचलले तरी 60 किलोच्या आसपास होतात, त्याहूनही जास्त. जानेवारी 1966 मध्ये ही गाडी बेलफास्टच्या रस्त्यावर आली, डॉक्टर आणि नर्स सोबत घेऊन.

आणि पद्धत कशी? फोन आला की गाडी निघायची. घरी पोचल्यावर आधी आलेख, आधी औषध, गरज पडली तर तिथेच धक्का. हृदयाची लय स्थिर झाली की मग हॉस्पिटलकडे, सावकाश. उपचार आधी, प्रवास नंतर. त्याआधीची ॲम्ब्युलन्स म्हणजे रुग्ण उचला आणि सुसाट पळा. पँट्रिज यांनी हा क्रमच उलटा केला.

ऑगस्ट 1967 मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात त्यांचा लेख आला. 15 महिन्यांत 312 रुग्ण. वाटेत दगावलेला एकही नाही. दहा जणांचं हृदय बंद पडलं होतं, त्यातल्या काहींचं तर गाडी पोचण्याच्या थोडंसं आधी. दहाही जणांचं हृदय पुन्हा सुरू करून त्यांना हॉस्पिटलात आणलं, आणि त्यातले पाच जण बरे होऊन घरी गेले. पाच हा आकडा लहान वाटेल. पण आदल्या वर्षापर्यंत अशा माणसाच्या घरी मृत्यूचा दाखला लिहायलाच डॉक्टर जायचा.

अमेरिकेने हे पटकन उचललं. 1968 मध्ये न्यूयॉर्कला तशी गाडी सुरूही झाली. खुद्द ब्रिटनमध्ये मात्र अनेक तज्ज्ञांनी नाकं मुरडली. पँट्रिज थांबले नाहीत. त्याच सुमारास नासासाठी बनवलेला छोटा कपॅसिटर, म्हणजे वीज साठवणारा भाग, वापरून त्यांनी डिफिब्रिलेटर तीन किलोंच्या आसपास आणला. 70 वरून तीनवर! आग विझवायचं नळकांडं जिथे असतं तिथे हे यंत्रही असावं, हा त्यांचा आग्रह होता. मालमत्तेपेक्षा जीव मोलाचा, एवढं साधं त्यांचं म्हणणं. तरीही ब्रिटनमध्ये तातडीच्या हाकेला जाणाऱ्या सगळ्या ॲम्ब्युलन्समध्ये डिफिब्रिलेटर बसायला 1990 साल उजाडलं. बेलफास्टच्या त्या गाडीनंतर 24 वर्षांनी. पँट्रिज 2004 मध्ये गेले. बेलफास्टजवळच्या लिस्बर्नमध्ये त्यांचा पुतळा आहे.

एकदा यंत्र तीन किलोंचं झालं, की ते न्यायला मोठी गाडी लागत नाही. मोटार चालते, मोटरसायकल चालते, सायकलही चालते. पुढचे सगळे प्रकार इथूनच फुटले. लंडन ॲम्ब्युलन्समधले टॉम लिंच, पूर्वीचे बीएमएक्स सायकल शर्यतपटू, यांनी 2000 मध्ये वेस्ट एंड या लंडनच्या गजबजलेल्या भागात सायकलचा प्रयोग सुरू केला. पिशव्यांमध्ये डिफिब्रिलेटर, ऑक्सिजन, औषधं. सायकलला निळा दिवा आणि भोंगा. हीथ्रो विमानतळाच्या टर्मिनलमध्येही हीच सायकल सगळ्यांत आधी पोचते. मुंबईतही 108 ने ऑगस्ट 2017 मध्ये बाइक ॲम्ब्युलन्स आणल्या, कारण तेच, गर्दी.

एकट्या पॅरामेडिकच्या मोटारीत मात्र एक मेख आहे. ती उपचार आणते, रुग्णाला नेऊ शकत नाही. पूर्वी इंग्लंडमध्ये मोटार आठ मिनिटांत दारात उभी राहिली की घड्याळ थांबायचं, कागदावर काम फत्ते. रुग्ण मात्र पुढे कितीतरी वेळ नेणाऱ्या गाडीची वाट बघत बसायचा. 2017 मध्ये नियम बदलले. पक्षाघातासारख्या, तातडीच्या क्रमात दुसऱ्या श्रेणीच्या रुग्णाला न्यावं लागत असेल, तर नेणारी गाडी पोचल्यावरच घड्याळ थांबतं. या श्रेणीचं उद्दिष्ट सरासरी 18 मिनिटांचं आहे, आणि अलीकडची कित्येक वर्षं ते पाळलं जात नाही. कारण बहुतेकदा रस्त्यावर नसतंच, हॉस्पिटलच्या दारात असतं. आत खाट रिकामी नाही म्हणून रुग्ण उतरवता येत नाही, आणि गाड्या रांगेत अडकून पडतात. नव्या गाड्यांच्या घोषणा होतात तेव्हा मी आधी विचारतो, खाटा किती वाढल्या?

हेलिकॉप्टरं इंग्लंडमध्ये जवळजवळ सगळी लोकांच्या देणग्यांवर उडतात. पहिलं कॉर्नवॉलमध्ये, 1987 साली. लंडनचं 1989 पासून, त्याचा तळ व्हाइटचॅपलच्या रॉयल लंडन हॉस्पिटलच्या गच्चीवर. त्यातून डॉक्टर आणि पॅरामेडिक येतात आणि गरज पडली तर रस्त्यावरच छाती उघडतात. रात्री हेच पथक मोटारीने निघतं. इतकं जरुरीचं काम देणगीपेट्यांवर सोडू नये, सरकारने खर्च उचलावा, असं मला वाटतं. स्कॉटलंडमध्ये सरकारी हवाई ॲम्ब्युलन्स आहेच.

बाकीचे भराभर सांगतो. विषारी वायू, पूर, कोसळलेली इमारत अशा ठिकाणी जाणारी ‘हार्ट’ नावाची पथकं, नावाचा हृदयाशी संबंध नाही, त्यांच्याकडे चिखलातून जाणारी सहाचाकी वाहनं. नवजात बाळासाठी इनक्युबेटर बसवलेली गाडी. डायलिसिसच्या रुग्णांना आठवड्यातून तीनदा नेणारी साधी व्हॅन. रक्ताच्या पिशव्या आणि आईचं दूध एका हॉस्पिटलातून दुसऱ्यात पोचवणारे स्वयंसेवक मोटरसायकलवाले, एक पैसा न घेता. आणि हिरवा दिवा लावलेली मोटार दिसली तर आत डॉक्टर आहे. तिला सिग्नल तोडायची मुभा नाही, वाट देणं आपल्या हातात.

तुमची मुलं तिकडे असतील आणि तुम्ही भेटीला जाणार असाल, तर घराचा पोस्टकोड पाठ करून जा, गाडी त्यावरून घर शोधते. आणि इथेही, श्रोतेहो, बंगल्याला ‘मातृछाया’ नाव हौसेने देतो, पण घर नंबर फाटकावर दिसेल असा लावत नाही. रात्री गाडी गल्लीत फिरत राहते ती यामुळे. परदेशी पाहुण्याला तिथे ॲम्ब्युलन्स आणि अपघात विभागातले उपचार फुकट आहेत. दाखल केलं तर पुढचं बिल येऊ शकतं, म्हणून विमा घ्याच.

आता शेवटचं. ब्रिटनमधल्या कित्येक जुन्या लाल टेलिफोन बूथमध्ये आज डिफिब्रिलेटरची पेटी आहे. समोर कुणी कोसळलं, हाक मारली तर प्रतिसाद नाही, श्वास नीट नाही, तर 999 लावा. जवळची पेटी कुठे आहे आणि कुलूप असेल तर त्याचा कोड काय, हे तेच सांगतात. एकाने पेटी आणायला पळायचं, दुसऱ्याने छाती दाबणं थांबवायचं नाही: मिनिटाला 100 ते 120 वेळा, पाच ते सहा सेंटिमीटर खोल. छाती ओली असेल तर पुसा. यंत्राच्या दोन चिकट पॅडपैकी एक उजव्या गळपट्टीच्या हाडाखाली, दुसरा डाव्या काखेखाली बरगड्यांवर. पुढचं यंत्र बोलून सांगतं, आणि गरज नसेल तर धक्का देतच नाही. चूक होते ती यंत्र आल्यावर. सगळे ते बघायला थांबतात आणि छाती दाबणं बंद पडतं. धक्क्याविना गेलेलं एकेक मिनिट वाचण्याची शक्यता सुमारे दहा टक्क्यांनी कमी करतं. आणि पेटी वापरून झाली की तसं कळवा. पॅड एकदाच वापरायचे असतात. नवे बसेपर्यंत ती पेटी पुढच्या माणसाच्या कामाची नाही.

नमस्कार.