गेमिंग लॅपटॉप आणि सांगलीचा उन्हाळा

नमस्कार श्रोतेहो. एप्रिल लागला की सांगलीतल्या माझ्या दुरुस्तीच्या दुकानात पोरं एकच तक्रार घेऊन येतात. "दादा, पहिली पंधरा-वीस मिनिटं गेम मस्त चालतो, मग अडकायला लागतो." मागे वडील उभे असतात. त्यांच्या मते लॅपटॉपचे पैसे पाण्यात गेलेले असतात. बहुतेक वेळा तसं काही नसतं. प्रोसेसरचं तापमान साधारण 95 ते 100 अंशांवर पोहोचलं की तो स्वतःला वाचवायला आपणहून वेग कमी करतो, आणि गेम अडकतो तो त्यामुळे. खेळताना 85 अंश दिसले म्हणून घाबरायचं कारण नाही. सतत शंभरीला टेकलेला असेल, तर मात्र बघायला हवं.

बघायचं कसं? गेम चालू असताना मागच्या किंवा बाजूच्या जाळीपाशी हात धरा. गरम झोत लागला तर लोक हबकतात, पण ते चांगलं लक्षण आहे. आतली उष्णता बाहेर पडतेय. पंखा घोंघावतोय, कीबोर्ड चटके देतोय आणि जाळीतून नुसती झुळूक येतेय, तर वाट बुजलेली आहे.

ही वाट कशी असते ते सांगतो. प्रोसेसरच्या चिपवर तांब्याची पट्टी बसवलेली असते. तिच्यापासून निघालेल्या तांब्याच्या नळ्या उष्णता कडेच्या बारीक पात्यांपर्यंत नेतात. पंखा खालून हवा ओढतो आणि त्या पात्यांमधून बाहेर फेकतो. पात्यांमधली फट जेमतेम मिलिमीटरभर. धूळ अडकते ती पंखा आणि पात्यांच्या मधोमध, घोंगडीच्या तुकड्यासारखा थर होऊन. बाहेरून ती दिसत नाही, म्हणून "मी रोज पुसतो की!" हे खरं असूनही उपयोग नसतो.

आपल्याकडे धुळीला तोटा नाही. गळीत हंगामात कारखान्याची काजळी गच्चीवर पडते, तीच खिडकीतून आत येते. मार्केट यार्डाजवळच्या घरातला लॅपटॉप उघडला की पिवळट भुकटी निघते. हळदीचं गाव म्हटल्यावर चालायचंच! म्हणून साफसफाई हंगाम संपल्यावर, ऊन तापायच्या आधी करून घ्या. मागचं झाकण उघडून, ब्लोअर मारताना पंख्याचं पातं बोटाने धरून. पंखा भन्नाट फिरू दिला तर त्याचं बेअरिंग जातं. घरातला व्हॅक्यूम क्लीनर आत लावू नका, स्थिर विजेने लॅपटॉपचा मुख्य बोर्ड जाऊ शकतो. दोन-तीन वर्षं झाली असतील तर चिपवरची वाळलेली थर्मल पेस्टही, म्हणजे चिपची उष्णता तांब्याच्या पट्टीला देणारा लेप, बदलायला सांगा. काही महागड्या लॅपटॉपमध्ये पेस्टऐवजी द्रवरूप धातू असतो, त्यातून वीज वाहते. तो सांडला की बोर्ड संपला, तेव्हा दुकानदाराला आधी विचारा.

आता फुकटचे उपाय. गादीवर, वाकळेवर लॅपटॉप ठेवून खेळू नका. खालची जाळी पूर्ण झाकली जाते. टेबलावर ठेवा आणि मागच्या कडेखाली बाटलीची दोन झाकणं सरकवा. कूलिंग पॅड, म्हणजे लॅपटॉपखाली ठेवायचा पंख्यांचा स्टँड, घेण्याआधी हे करून बघा, बऱ्याचदा पॅडची गरजच उरत नाही.

त्याहून मोठा फरक सेटिंगमध्ये आहे आणि तिथेच कुणी बघत नाही. फ्रेमना, म्हणजे सेकंदाला पडद्यावर येणाऱ्या चित्रांना, मर्यादा घातली नसेल तर ग्राफिक्स चिप साध्या मेनूतही सेकंदाला शेकडो चित्रं काढत बसते. 60 वर मर्यादा लावा. विंडोजच्या पॉवर ऑप्शन्समध्ये प्रोसेसरची कमाल मर्यादा 100 ऐवजी 99 टक्के केली, की बऱ्याच लॅपटॉपमध्ये टर्बो, म्हणजे प्रोसेसरचा जादा वेग, बंद होतो आणि तापमान चांगलंच उतरतं. वेग थोडा घटतो, पण बहुतेक गेममध्ये तो जाणवत नाही. उन्हाळ्यात तर हे कराच, कारण खोली दहा अंशांनी तापली की चिपही जवळपास तेवढीच तापते.

बर्फाची पिशवी खाली ठेवणारेही भेटतात. कृपा करून नको. गार पृष्ठभागावर हवेतलं पाणी जमतं आणि ते आत उतरतं.

राहिली बॅटरी. ती उष्णतेने लवकर म्हातारी होते. चार्जर लावूनच खेळत असाल तर कंपनीच्या ॲपमध्ये 80 टक्क्यांची मर्यादा लावून टाका. आणि टचपॅड वर उचलल्यासारखा वाटला, झाकण नीट बसेना झालं, तर बॅटरी फुगली आहे. तिला टोचू नका, दाबू नका. लॅपटॉप बंद करा, चार्जर काढा आणि त्याच दिवशी दुकानात न्या. नमस्कार.