बिल कोण भरतं, आणि कधी?

(रात्रीचा कॉरिडॉर. काचेची कॅश खिडकी. लांबून लिफ्टचा आवाज.)

रात्रीचे सव्वादोन. आत आयसीयूत वडील आहेत आणि मुलगा या खिडकीपाशी उभा आहे, एका हातात फाइल, दुसऱ्या हातात मोबाईल, पहिल्या दोघांना जे सांगितलं तेच आता तो तिसऱ्याला सांगतोय, "सकाळपर्यंत जमेल का बघ ना, निम्मे तरी." खिडकीमागचा माणूस काही वाईट नाही, मघाशी त्यानेच याला पाण्याची बाटली आणून दिली. पण डिपॉझिट जमा झाल्याशिवाय पुढची एन्ट्री होतच नाही, त्यामुळे तो पण नुसता बघत बसलाय.

(सकाळ. लांबच लांब रांग. जमिनीवर ठेवलेल्या पिशव्या.)

आता दुसरं हॉस्पिटल. सरकारी. सकाळचे सहा, दार उघडायला अजून दोन तास आहेत. एका बाईंचा गुडघा एवढा सुजलाय की उभं राहवत नाही, म्हणून त्यांनी रांगेत आपल्या जागी पिशवी ठेवली आणि भिंतीला टेकून बसल्यात. साडेअकराला नंबर लागला. डॉक्टर मान वर न करता विचारतात, कारण मागे अजून साठ जण आहेत, दोन मिनिटांत तपासणी झाली, हातात चिठ्ठी मिळाली, आणि पुढच्या तपासणीची तारीख तीन महिन्यांनंतरची. पैसे कुणी मागितले नाहीत हे खरं, पण आजची रोजी बुडाली आणि गुडघा होता तसाच आहे.

सरकारी की प्रायव्हेट हा वाद जिथे जिथे होतो तिथे हे दोनच कॉरिडॉर समोर येतात. एक बाजू म्हणते तुमची ती रांग बघा, दुसरी म्हणते तुमची ती खिडकी बघा. दोघंही जे दाखवतात ते खरंच असतं, म्हणूनच हा वाद संपत नाही. मला विचाराल तर इमारत कुणाच्या मालकीची हा प्रश्न नंतरचा. आधी हे बघायला हवं की पैसे कोण भरतं आणि कधी भरतं, आजारी पडायच्या आधी की आजारी पडल्यावर.

असं का म्हणतोय ते सांगतो.

1963 साली केनेथ अ‍ॅरो नावाच्या अर्थतज्ज्ञाने एक पेपर लिहिला, पुढे 1972 मध्ये त्यांना अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. त्यांचा मुद्दा समजायला अर्थशास्त्र यायची गरज नाही. आपण एखादी वस्तू घेतो तेव्हा आपल्याला काय हवंय ते माहीत असतं, चार ठिकाणी भाव विचारता येतो, नाही पटलं तर न घेता परत येता येतं. आजारपणात यातलं काहीच होत नाही. कधी येणार माहीत नाही, किती खर्च होणार माहीत नाही, आणि सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे तुम्हाला काय लागणार हे विकणाराच ठरवतो. डॉक्टर म्हणाले अँजिओग्राफी करावी लागेल, तर तुम्ही काय म्हणणार, मला वाटतं नको? त्या रात्रीच्या मुलाला हॉस्पिटल बदलायचा हक्क कागदावर आहे, पण वडील व्हेंटिलेटरवर असताना तो हक्क घेऊन जाणार कुठे.

आणि हॉस्पिटलचा खर्च भागतो ऑपरेशनवर, तपासणीवर, भरलेल्या बेडवर. मिल्टन रोमर नावाचे अमेरिकन संशोधक होते, त्यांच्या नावाने एक नियमच ओळखला जातो, बेड वाढवले की ते भरतातच. याचा अर्थ डॉक्टर लबाड असतात असा अजिबात नाही, मी अशा डॉक्टरांना ओळखतो जे स्वतःहून ऑपरेशन टाळायला सांगतात. पण ज्या व्यवस्थेत न केलेल्या ऑपरेशनचे काहीच पैसे मिळत नाहीत, तिथे त्या डॉक्टरला रोज व्यवस्थेच्या उलट पोहावं लागतं, आणि किती दिवस पोहणार माणूस.

(जुनी छायाचित्रं. कोळशाची खाण, खाणकामगार.)

मग लोकांनी यावर काय काय केलं? वेल्समध्ये ट्रेडेगर नावाचं गाव आहे, खाणीचं. तिथले कामगार 1890 पासून आपल्या पगारातला थोडा थोडा हिस्सा एका सोसायटीत टाकायचे, त्यातून डॉक्टर ठेवलेला, आणि कुणी आजारी पडलं की घरच्यांना पैशासाठी धावाधाव करावी लागायची नाही. सरकार नाही, कंपनी नाही, लोकांनीच उभं केलेलं. त्याच गावात वाढलेला, तेराव्या वर्षी खाणीत उतरलेला अन्यूरिन बेव्हन नावाचा माणूस पुढे ब्रिटनचा आरोग्यमंत्री झाला, आणि 5 जुलै 1948 ला सगळ्या देशासाठी नॅशनल हेल्थ सर्व्हिस सुरू झाली. डॉक्टरांच्या संघटनेचा कडाडून विरोध होता. युद्धानं पिचलेला देश, तिजोरीत खडखडाट, आणि तरी त्याच दिवशी हे सुरू केलं की उपचार घेताना खिशात हात घालायचा नाही.

तीनच वर्षांनी, 1951 मध्ये, सरकारने ठरवलं की चष्मा आणि कवळीसाठी थोडे पैसे घ्यायचे. बेव्हननी राजीनामा दिला. चष्म्यासाठी! पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला हे अति वाटलं होतं, आता वाटत नाही. दार एकदा किलकिलं झालं की नंतर ते किती उघडायचं हे वेगळीच माणसं ठरवतात, हे त्यांना दिसत होतं. पुढच्याच वर्षी प्रिस्क्रिप्शनला पण चार्ज लागला.

थोडे पैसे घेतले तर बिघडतं कुठे, फुकट म्हटलं की लोक उगाच गर्दी करतात, हे आपण सगळेच कधी ना कधी ऐकतो. हे प्रत्यक्ष तपासून बघितलेलं आहे. अमेरिकेत रँड नावाच्या संशोधन संस्थेने सत्तरच्या दशकात हजारो लोकांवर प्रयोग केला, काहींना उपचार पूर्ण फुकट, काहींना वेगवेगळा हिस्सा खिशातून. ज्यांना पैसे पडत होते ते डॉक्टरकडे कमी गेले, हे तर झालंच. पण त्यांनी फक्त फालतू व्हिजिट टाळल्या असं झालं नाही, गरजेच्या पण तेवढ्याच टाळल्या. आपल्या छातीतलं दुखणं गॅसचं की हार्टचं हे घरी बसून कुणाला कळणार? बहुतेकांच्या तब्येतीत फार फरक पडला नाही, हेही सांगायला हवं, पण जे गरीब होते आणि ज्यांना बीपी होतं त्यांचं बीपी फुकट उपचारात जास्त आटोक्यात राहिलं. म्हणजे पैशाची चाळणी लावली की फालतू गर्दीबरोबर ज्यांना यायलाच हवं तेही गळतात.

(कॅनडा. बर्फाळ मैदान, एकाकी रस्ता.)

आता कॅनडा, कारण हा सगळा वाद एका देशात बघायचा असेल तर तिथेच बघावा. टॉमी डग्लस नावाचा लहान मुलगा, विनिपेगमध्ये राहायचा, पायाच्या हाडात इन्फेक्शन. आईवडिलांकडे पैसे नाहीत, पाय कापायची वेळ आलेली. एका सर्जनने केस बघितली आणि म्हणाले मी ऑपरेशन फुकट करतो, फक्त माझ्या विद्यार्थ्यांना बघू द्या. पाय वाचला. मोठेपणी हा मुलगा सस्कॅचवान प्रांताचा मुख्यमंत्री झाला आणि त्याच्या डोक्यात ते राहिलं की माझा पाय वाचला तो माझ्या हक्काने नाही, तर त्या दिवशी एका डॉक्टरला शिकवायला केस हवी होती म्हणून.

त्याच्या पक्षाच्या सरकारने 1 जुलै 1962 ला सगळ्यांसाठी सरकारी विमा लागू केला, आणि त्याच दिवशी प्रांतातले बहुतेक डॉक्टर संपावर गेले. 23 दिवस चालला तो संप. शेवटी तडजोड झाली, डॉक्टर सरकारचे नोकर झाले नाहीत, आपापली प्रॅक्टिस त्यांचीच राहिली, फक्त बिल सरकारी विम्याकडे जायला लागलं. काही वर्षांत सगळ्या देशाने हेच उचललं. बघा, इथे डॉक्टर खासगीच आहे. बदलली ती फक्त खिडकी.

जपानमध्ये पण असंच. 1961 पासून प्रत्येकाला विमा आहे, बहुतेक हॉस्पिटलं खासगी आहेत, पण कुठल्या उपचाराचा काय दर ते सरकार ठरवतं, साधारण दर दोन वर्षांनी यादी बदलते, आणि सगळीकडे तोच दर. तैवानने 1995 मध्ये एकच सरकारी विमा आणला, हॉस्पिटलं तिथेही बरीचशी खासगी. उलट अमेरिकेत विमा बऱ्याच लोकांच्या नोकरीला बांधलेला, दुसऱ्या महायुद्धात पगारवाढीवर बंदी होती म्हणून कंपन्यांनी पगाराऐवजी विमा द्यायला सुरुवात केली आणि ते तसंच चिकटलं, नोकरी गेली की आजारपणात तो आधारही जातो. जगात आरोग्यावर सगळ्यात जास्त खर्च तोच देश करतो आणि आयुर्मान मात्र इतर श्रीमंत देशांपेक्षा कमी.

(रिकामा वॉर्ड. टेबलावर पाण्याचा जग.)

पण मी सरकारी म्हणजे सगळं चांगलं असं म्हणत असेन तर मला थांबवा. इंग्लंडमधल्या स्टॅफर्डच्या सरकारी हॉस्पिटलमध्ये 2005 ते 2009 या काळात काय झालं ते चौकशीत बाहेर आलं, 2013 चा मोठा अहवाल आहे. पेशंट घाण झालेल्या चादरींवर पडून, पाणी ठेवलंय पण हात पोचत नाही अशा जागी. वर व्यवस्थापन टार्गेट आणि खर्चकपातीच्या मागे, खाली नर्स कमी. सांगणारे ओरडून सांगत होते, म्हातारे आईवडील गमावलेली मुलं सांगत होती, आणि वर्षानुवर्षं कुणी ऐकलं नाही. तिथे कुणी नफा कमवत नव्हतं. म्हणजे नफा काढून टाकला की माया आपोआप येते असं नाही, तिथे ऐकणारं कुणीतरी लागतं आणि ऐकलं नाही तर खुर्ची जाईल अशी भीतीही लागते. आणि ज्यांचं ऐकलं जातं अशी माणसं, शिकलेली, ओळखी असलेली, ती जेव्हा सरकारी हॉस्पिटल सोडून जातात तेव्हा रांगेत मागे उरतो तो पिशवी ठेवून बसणारा माणूस, त्याची तक्रार कुठल्या साहेबाच्या टेबलावर जाणार.

(न्यायालयाची पायरी. काठी टेकत चढणारे पाय.)

पुन्हा कॅनडा. क्यूबेक प्रांतातला एक वयस्कर माणूस, खुब्याच्या ऑपरेशनसाठी वर्षभर थांबला. जो उपचार सरकारी विम्यात आहे त्यासाठी खासगी विमा घ्यायला तिथे कायद्याने बंदी होती. एका डॉक्टरसोबत तो कोर्टात गेला आणि 2005 मध्ये देशाच्या सर्वोच्च न्यायालयाने चार विरुद्ध तीन मतांनी ती बंदी उडवली. निकालात एक वाक्य आहे, वेटिंग लिस्टमध्ये नाव असणं म्हणजे उपचार मिळणं नव्हे. सरकारी व्यवस्थेच्या बाजूने बोलणाऱ्या प्रत्येकाने, मी धरून, हे वाक्य लक्षात ठेवायला हवं. रांग पण किंमतच आहे, फक्त ती वेदनेत मोजावी लागते.

तो माणूस जिंकला, म्हणजे त्याला खासगी विमा विकत घ्यायचा हक्क मिळाला. ऑपरेशन तर निकालाच्या कितीतरी आधी, त्याच सरकारी रांगेतून होऊन गेलं होतं. आणि समजा झालं नसतं, खुबा झिजलेला तसाच असता, तर सत्तरी ओलांडलेल्या त्या माणसाला त्याच खुब्यासाठी विमा विकायला कुठली कंपनी तयार झाली असती?

(काठी. पायऱ्या. अंधार.)