नवजात बाळांनी दाखवलेली वाट

१९८५-८६ची गोष्ट. दिल्लीच्या एम्स रुग्णालयात जन्मलेल्या काही बाळांच्या शीमध्ये रोटाव्हायरस सापडला. तान्ह्या मुलांना सर्वांत जोरात जुलाब लावणारा हा विषाणू. पण या बाळांना जुलाब नव्हतेच! डॉ. महाराज किशन भान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या मुलांवर पुढेही लक्ष ठेवलं. रोटाव्हायरसचे जुलाब त्यांना इतर मुलांच्या मानानं फार कमी झाले. विषाणू काही त्रास न देता त्यांना संरक्षण देऊन गेला होता. त्यातलाच ‘११६ई’ हा वाण लसीसाठी निवडला गेला. मुळात माणसाच्या या विषाणूत एक जनुक गुरांच्या विषाणूचं आहे, आणि हा संकर प्रयोगशाळेतला नाही, निसर्गानंच केलेला आहे.

रोटाव्हायरस करतो काय? लहान आतड्याला आतून मखमलीसारखी लव असते, अन्नपाणी तिथून शोषलं जातं. विषाणू त्या लवेच्या टोकावरच्या पेशी मारतो. उलट्या, ताप, आणि मग पाण्यासारखे जुलाब. स्वच्छता हवीच, पण हा विषाणू स्वच्छ घरांतही शिरतो. अँटिबायोटिकचा त्याच्यावर काहीही परिणाम होत नाही, तरी ते मागितलं जातं आणि दिलंही जातं, याचं फार वाईट वाटतं. ‘दात येताहेत, म्हणून होतंय’ असं म्हणत दिवस काढणं तर त्याहून घातक. टाळू खोल गेली, रडताना डोळ्यांत पाणी नाही, लघवी कमी झाली, बाळ मलूल पडलं, की थेट दवाखाना गाठायचा.

लसीची मोठी चाचणी २०११मध्ये सुरू झाली. दिल्ली, वेल्लोर आणि आपल्या पुण्याजवळचं वढू अशा तीन ठिकाणची मिळून ६,७९९ बाळं तिच्यात होती. पहिल्या वर्षात रोटाव्हायरसचे गंभीर जुलाब ५६ टक्क्यांनी कमी झाले. आकडा छोटा वाटेल, पण त्यामागे सलाईन न लागलेली कितीतरी बाळं आहेत. रोटाव्हायरसची लस २०१६पासून सरकारी लसीकरणात आली, महाराष्ट्रात २०१९मध्ये. सहाव्या, दहाव्या आणि चौदाव्या आठवड्यात ती तोंडावाटे, मोफत मिळते.

लस घेतलेल्या बाळालाही जुलाब होऊ शकतात. तेव्हा ओआरएसची मोठी पुडी एक लिटर पाण्यातच कालवायची, पेलाभर पाण्यात नाही. चमच्या-चमच्यानं पाजत राहायचं. उलटी झाली तर दहा मिनिटं थांबून पुन्हा द्यायचं. अंगावरचं दूध तोडायचं नाही. आणि आशाताईंनी दिलेल्या झिंकच्या गोळ्या, जुलाब थांबले तरी, १४ दिवस पूर्ण करायच्या.